आठ ग्रह आणि केसरचा जवळा

सासऱ्याला जेवताना खगोलशास्त्र शिकवू नये, हे ट्रेनिंग कॉलेजात कुणी सांगत नाही. तिथं पाठाच्या पायऱ्या शिकवतात, फळा कसा पुसावा ते शिकवतात, पण ही एक गोष्ट मात्र माणसाला स्वतःच्या खर्चाने शिकावी लागते. हिरामण मास्तर ती बायकोच्या खर्चाने शिकले.

मुरुडच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी जो कोळीवाडा आहे, तिथल्या शाळेवर ते मास्तर होते. जन्माने कोळीच, पण होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचं, म्हणून बापाने कंटाळून शाळेत घातलं. (आमच्याकडे शिक्षणाचा प्रसार बराचसा असाच झाला.) त्यांची बायको केसर हिला मात्र समुद्र लागत नव्हता, आणि मास्तरांच्या पगारात घर भागतही नव्हतं. ती भावांच्या होडीवरचा जवळा घेऊन वाळूवर सुकवायची आणि विकायची. त्या वर्षीचा सगळा जवळा तिने एका गोष्टीसाठी राखला होता: शिलाई मशीन. महिला मंडळात ती शिवण शिकली होती. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसणं तिला आता नको झालं होतं. खिडकीखालची मास्तरांची पुस्तकं तिने दिवाळीतच माळ्यावर टाकून मशीनला जागा करून ठेवली होती. मास्तर चार दिवस धुसफुसले, मग गप्प बसले.

सन बासष्टचा जानेवारी चालू होता. फेब्रुवारीच्या तीन ते पाच तारखांना मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार, अशी हूल उठली होती. मुंबईहून येणारी प्रत्येक लाँच नवी बातमी आणायची. कुणी म्हणे भूकंप होणार, कुणी म्हणे समुद्र घाटापर्यंत चढणार. अशात एका रविवारी केसरचा बाप हरेश्वर, होडीचा तांडेल म्हणजे कप्तान आणि कोळीवाड्याचाही म्होरक्या, लेकीकडे जेवायला आला.

"एका होरीत आठ तांडेल बसले तर होरी बुडनारच," तो सरंग्याच्या तुकडीवरून हात फिरवत म्हणाला. "आन ह्ये तर ग्रह हायेत."

मास्तरांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी आणखी थोडा वेळ चघळला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण त्यांनी गिळला.

"मामा, ते एकत्र येतच नाहीत. इथून बघताना एका रांगेत दिसतात एवढंच. शनी सूर्यापासून अठ्ठ्याऐंशी कोटी मैलांवर आहे."

"कोन गेलता मोजाला?"

"जावं लागत नाही! बोट धरा नाकासमोर. डावा डोळा मिटा आणि दारातल्या माडाकडे बघा. आता तो उघडून उजवा मिटा. बोट सरकलं ना? दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असलं आणि बोट किती सरकलं ते मोजलं, की बोट किती लांब आहे ते कळतं. आकाशातही असंच मोजतात. तिथं डोळ्यांऐवजी पृथ्वीवरची दोन लांबलांबची ठिकाणं घ्यायची."

"बोट माजंच हाय. किती लांब हाय ते मना ठावं हाय," तांडेल म्हणाला. पण म्हातारा भला होता. जावयाचा मान म्हणून त्याने पुन्हा एक डोळा मिटला, मग दुसरा. माड आणि बोट यांच्या त्या भानगडीत मांजराने त्याच्या ताटातली तुकडी उचलली आणि परसदाराने पोबारा केला.

चाळीस वर्षं नक्षत्रं बघून होडी घरी आणणारा माणूस. त्याला जावयाने घरी बोलावून, डोळे मिटायला लावून, मासा घालवला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोळीवाड्यात एकच चर्चा: मास्तरच्या शास्त्रात तुकडी जाते.

आता शहाण्या माणसाने हसून सोडून दिलं असतं. मास्तर शहाणे नव्हते, शिकलेले होते. त्यांनी पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळी वाळूवर जाहीर व्याख्यान ठेवलं आणि त्यासाठी केसरने जपून ठेवलेला लाल भोपळा उचलला.

"हा सूर्य," भोपळा वाळूवर ठेवून ते म्हणाले. मग छत्तीस पावलं चालून गेले आणि तळहातावरचा मोहरीचा दाणा सगळ्यांना दाखवला. "आणि ही आपली पृथ्वी."

लोकांनी वाकून पाहिलं. "आपला कोलीवारा कंच्या अंगाला?" शेजारच्या गोदूने विचारलं.

मास्तरांनी तिला सोललेली सुपारी देऊन एकशे नव्वद पावलांवर उभं केलं. तो गुरू. साडेतीनशे पावलांवर हातात बोर देऊन प्रत्यक्ष हरेश्वर तांडेलाला उभं केलं. तो शनी. (म्हणजे ज्याच्यासाठी व्याख्यान, तोच ऐकू येण्याच्या पलीकडे गेला. हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही.)

"आन चांद?" कुणीतरी विचारलं.

"चंद्र इथेच. मोहरीपासून चार बोटांवर, खसखशीएवढा. त्याचं काय, तो घरचाच," मास्तर घाईने म्हणाले आणि पुढे वळले. "सांगा आता! एवढ्या लांबून ते बोर या मोहरीचं काय वाकडं करणार? आणि सगळ्यात जवळचा तारा कुठे आहे माहीत आहे? या मापाने दुसरा भोपळा विलायतेत ठेवावा लागेल!"

"येवरासा भोपला विलायतेला कोन नेनार?" गोदू परत येत म्हणाली.

"तू जागा का सोडलीस? गुरू कुठाय?"

"खाल्ला. उबं ऱ्हाऊन तोंड सुकलं."

शेवटी शनीही वाट बघून कंटाळला आणि बोर हातात घेऊन परतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. "मास्तर सांगतो त्ये खरं हाय," तांडेल गंभीरपणे म्हणाला. "शनी लय लांब हाय. पन येवऱ्या लांबून मना तुमी समदे दिसत व्हते. एक एक मानूस दिसत व्हता." बायकांनी पदर सावरले. व्याख्यानातून गावाने घेतलं ते एवढंच.

एक तारखेला तांडेलाने फर्मान काढलं: होड्या वर ओढायच्या, वाळूवरचा जवळा घरात घ्यायचा, आणि तीन दिवस सगळ्यांनी देवळाच्या टेकडीवर जाऊन भजन करायचं. मास्तर भर सभेत उठले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आमचा जवळा जागचा हलणार नाही," ते म्हणाले. "विकण्याआधी सगळ्याला शेवटचं कडक ऊन द्यायचंय, ते वाया घालवणार नाही. साडेतीनशे पावलांवरच्या बोराला घाबरून ज्याला घर सोडायचं त्याने सोडावं!"

केसर बायकांत बसली होती. जवळा कुणाचा, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला नाही. तिने तो घरी विचारला.

"मना न इचारता बोललंव कसं तुमी?"

"आज मी माघार घेतली तर उद्या शाळेत कोणत्या तोंडाने शिकवू? नेहमीच्याच जागी आहे ना जवळा? मर्यादवेलीच्या वर?"

ही वेल किनाऱ्यावर वाळूत पसरते, आणि समुद्र तिला ओलांडत नाही असा कोळ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. जवळा तिच्या वरच्या बाजूलाच होता. केसरने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "बरं. तुमी शिकलेलं हाव. मी तुमच्यावर इस्वास ठेवतंय." अख्ख्या गावात मास्तरांच्या शास्त्रावर विश्वास ठेवणारं तेवढं एकच माणूस निघालं.

शनिवार गेला, काही झालं नाही. रविवारी अमावास्या होती, तीही गेली. वरून टाळांचा आवाज येत होता. खाली रिकाम्या किनाऱ्यावर मास्तर शाळेची खुर्ची टाकून, पुस्तक उघडून, विजयी मुद्रेने बसून होते. सोमवारी सकाळी केसर पाट्या घेऊन आली. वारा पश्चिमेचा सुटला होता.

"जवला उचलूया. पानी वेगलं दिसतंय."

"शेवटच्या दिवशी? तुझ्या बापाला जिंकू द्यायचं?"

"मी ग्रहांचं न्हाय बोलत. उधानाचं बोलतंय. रातच्या भरतीला पानी वेलीला लागून गेलंय. आवस सरली तरी उधान बीजेपातूर वाढतंय, पोरांना बी ठावं हाय."

पोरांना ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं, गेल्याच आठवड्यात सहावीला त्यांनी भरती-ओहोटीची आकृती काढून दिली होती. पण टेकडीवर सगळा गाव रांगेत उभा राहून खाली बघत होता, आणि अशा वेळी माणसाला आकृती आठवत नाही, सासरा आठवतो.

"उधाण वेलीपर्यंत येतं. वेल ओलांडत नाही," ते म्हणाले, आणि दोन्ही हात पसरून पाट्यांच्या आडवे उभे राहिले. केसरने पाट्या खाली ठेवल्या, पण ती घरी गेली नाही.

साडेबाराला पाणी वेलीला टेकलं. मास्तरांनी पान उलटलं. पाऊणला ते खुर्चीच्या पायांत आलं. एकच्या सुमारास एक लांब, शांत लाट वेलीवरून सरळ आत आली आणि जवळ्याची अर्धी पसरण उचलून घेऊन गेली. मास्तर आणि केसर ओंजळीओंजळीने पाट्या भरू लागले. भरलेली पाटी पुढच्या लाटेने उलटी केली. चार महिने वाळवून साठवलेला जवळा भिजून पुन्हा गुलाबी झाला आणि जिथून आला होता तिकडे चालता झाला. टेकडीवरून एकही माणूस मदतीला उतरला नाही. जग बुडत असताना कोण उतरणार?

अर्ध्या तासाने पाणी फिरलं. वाळूवर वेल तेवढी राहिली. केसर कमरेपर्यंत भिजली होती. उलट्या पाट्या गोळा करून एकात एक घालत बसली, आणि मास्तरांना वाटलं की हिने निदान शिव्या तरी द्याव्यात. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. ती तोंडावर दिसू नये म्हणून त्यांनी ओलं पुस्तक उघडलं. एका पानाच्या तळटीपेत (तळटिपा मास्तर कधी वाचत नसत) लिहिलं होतं: चंद्राचं अंतर कायम सारखं नसतं, कमीजास्त तीस हजार मैलांचा फरक पडतो, आणि अमावास्येला तो जवळ असेल तर उधाण मोठं येतं. शनीपासून विलायतेपर्यंत सगळं मोजून झालं होतं. जो घरचा म्हणून मोजला नाही, तोच नेमका त्या दिवशी जवळ आला होता.

संध्याकाळी अष्टग्रही सुटली. जग जागेवर होतं. गाव ढोल वाजवत टेकडीवरून उतरला आणि मिरवणूक थेट मास्तरांच्या दारात आली. मास्तर उंबऱ्यावर उभे राहिले.

"मामा, आधी ऐकून घ्या. हे ग्रहांनी केलेलं नाही! हे चंद्राने केलं."

हरेश्वर तांडेलाने शांतपणे विचारलं, "मास्तर, त्या आठांत चांद व्हता का न्हवता?"

मास्तरांनी मनातल्या मनात मोजले. मोजायची गरज नव्हती.

"होता," ते म्हणाले.

गावाने एकदम श्वास सोडला. "दर्या गाव न्याला आलाता," तांडेल सगळ्यांकडे वळून म्हणाला. "माज्या जावयानं सोताचा जवला दर्याच्या म्होरं केला, आन गाव वाचवला. आमचे जवले घरात, आन ह्याचा येकट्याचा दर्याच्या तोंडाशी! येवरी छाती कोनाची हाय?" ढोल वाजला. गोदूने डोळ्यांना पदर लावला. तांडेलाने शाल आणि नारळ पुढे केला.

मास्तरांनी तोंड उघडलं. हा बळी नव्हता, हे तीस हजार मैलांचं गणित होतं, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून केसरचा आवाज आला. पाणी फिरल्यापासून ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"घ्या तो नारल," ती म्हणाली. "मशिनीच्या जागेवर ठेवायला कायतरी येऊंद्या घरात."

मास्तरांनी नारळ घेतला. शाल अंगावर पडली. "दोन शबुद बोला, मास्तर," लोक ओरडले. त्यांनी एकदा केसरकडे पाहिलं, एकदा गावाकडे पाहिलं. उद्या शाळा होती, आणि शाळेत यायची ती याच लोकांची मुलं.

"दर्याने घेतलं," मास्तर म्हणाले, "ते गावाच्या भल्यासाठीच घेतलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तांडेलाने जावयाच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवला आणि गर्दीकडे वळून म्हणाला, "मी बोललो न्हवतो? शिकलेला हाय, पन नीट समजावलं तर समजतं त्याला."