सदतिसावा पेला

महिन्याचा पहिला रविवार. हजर: पाळकसाहेब, पाळकीणबाई, दोन पंच, सेक्रेटरी म्हणून मी आणि मंडळीतले बत्तीस जण. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे इवले पेले भरले सदतीस. उरला एक.

हा एक पेला गेली तीन वर्षं उरतोय. मी आपली स्वतःच्या मोजणीला दोष देते.

आमच्या मानपाड्याच्या मंडळीत याकोबभाऊंनी ज्याची माफी मागितलेली नाही असा माणूस सापडणार नाही. रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, एकटे. उपासना संपली की दारात गाठतात.

“शालिनीताई, नाताळात तुमचा केक खाताना मनात आलं, वीट बरी. क्षमा करा. मनात आलं ते सांगून मोकळा होतो.”

ते मोकळे होतात. मी आठवडाभर केकच्या भांड्याकडे बघत बसते.

पाळकसाहेबही सुटत नाहीत. “उपदेश चालू असताना मी खिडकीचे गज मोजले. दोनदा.”

“दोनदा?”

“लांबला होता, साहेब.”

शेवटी कंटाळून मी म्हटलं, “भाऊ, महिन्यातून एकदाच. कागदावर लिहून द्या.” त्यांनी चार पानं दिली आणि अक्षराबद्दल क्षमा मागितली.

त्या रविवारी मी मोजायला मुद्दाम मागे उभी राहिले. पेल्यांचं तबक शेवटच्या बाकाकडे आलं तसे याकोबभाऊ उठले आणि बाहेर जाऊन लोकांच्या चपला सरळ लावू लागले. मी मागोमाग गेले.

“भाऊ, तुमचा पेला राहिला.”

“असू दे.”

“तीन वर्षं?”

“जास्त. तुम्ही सेक्रेटरी व्हायच्या आधीपासून.” हातातली चप्पल त्यांनी खाली ठेवली नाही. “तेव्हा मी पंच होतो. धाकट्या बहिणीनं, करुणानं, पळून लग्न केलं. मीच तिला मंडळीपुढे उभं केलं, सगळ्यांची माफी मागायला लावली. तिनं मागितली. मी पुढच्या बाकावर ताठ बसून होतो. ती परत आली नाही. तिच्याशी समेट झाल्याशिवाय हा पेला कसा घेऊ?”

“कुठे असते?”

“शहाडला.”

“अहो, मग जायचं ना! शहाड काय लांब आहे?”

“जातो की. दर महिन्याला. तिच्या बिल्डिंगखाली उभा राहतो, तोंडातून शब्द फुटत नाही. परत येतो.” ते जरासे हसले. “म्हणून तुम्हा सगळ्यांवर सराव करतो, ताई.”

आत शेवटचं गीत सुरू झालं. मला केक आठवला. मीही दोन चपला सरळ केल्या.

घरी येऊन वही उघडली. पेले धुणे: झालं. तबक पुसणे: झालं. त्याखाली लिहिलं: याकोबभाऊंसोबत शहाडला जाणे, जिना चढेपर्यंत.

याला दोन महिने झाले. दोनदा गेलो, दोन्ही वेळा खालूनच परतलो. दुसऱ्या वेळी ते पहिल्या पायरीवर उभे राहिले होते. येताना, माझा रविवार वाया घालवला म्हणून त्यांनी माझी माफी मागितली.

पेले मी सदतीसच भरते. वहीत शहाडपुढे ‘झालं’ लिहायचं राहिलंय.