तेरा नंबरच्या तारा

तार म्हणजे काय, हे मधुकर टिपणिसांना कुणी शिकवायची गरज नव्हती! ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका तारेच्या कारखान्यात ते अठरा वर्षं तपासनीस होते. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांची गेजची चकती असायची. कडेनं लहानमोठ्या खाचा पाडलेली, गुळगुळीत झालेली पोलादी चकती. तार दिसली की खाचेत सरकवायची आणि नंबर सांगून मोकळं व्हायचं! कुंपणाची तार, सायकलचा स्पोक, छत्रीची काडी, काही सुटत नसे. मेहुण्याच्या लग्नात त्यांनी खिरीतल्या शेवयासुद्धा मोजल्या होत्या. "अठरा नंबर," ते व्याह्यांना म्हणाले होते, "पण माल एकसारखा नाही तुमचा!"

कारखान्यातला कायदा सोपा होता. तार जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होते, आणि दर ओढीला तिचा नंबर एकानं वाढतो. म्हणजे नंबर मोठा, तर तार बारीक. हा कायदा टिपणीस झोपेतही सांगू शकले असते.

टिपणिसांना अभिमान दोनच गोष्टींचा. एक तार, आणि दुसरी जयमाला. त्यातही दुसरीचा जरा जास्तच.

जयमालाबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. बोटीवर नोकरी करणारा त्यांचा भाऊ जपानहून एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला होता, चांगलं गिऱ्हाईक मिळालं तर विकायची म्हणून. ताईनं ती सहज मांडीवर घेतली, एक तार छेडली, आणि गिटार परत गेलीच नाही! ना मास्तर, ना क्लास. रेडिओवर गाणं लागलं की बाई कणीक मळता मळता थांबायच्या, ऐकायच्या, हात धुऊन गिटार घ्यायच्या, आणि पोळ्या होईपर्यंत गाणं बसलेलं असायचं. कुकरची शिट्टी कुठल्या सुरात होते हे त्या सांगत. टिपणीस ऐकत बसायचे आणि मनात म्हणायचे, आपण एवढं काय पुण्य केलं होतं कोण जाणे!

त्र्याऐंशी साली वाशीतल्या त्यांच्या सेक्टरच्या गणेशोत्सवात जयमालाबाई पहिल्यांदा स्टेजवर बसणार होत्या. सहज ठरलं नव्हतं ते. मंडळाचे सेक्रेटरी देवस्थळी कुरकुरतच होते.

"वहिनींना पेटीवर बसवू या की," ते म्हणाले होते. "हे विजेचं वाद्य! उद्या झटका बसला तर मंडळावर यायचं!"

तेव्हा ताजुद्दीनमास्तर उभे राहिले होते. मूळचे उरणचे, शाळेत शास्त्र शिकवायचे आणि टिपणिसांच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सेक्टरचे एकमेव गायक. "वहिनी नसतील तर मीही नाही," ते म्हणाले, आणि प्रश्न मिटला. मास्तरांचा आवाज लोण्यासारखा. फक्त शेवटच्या कडव्यात वरचा सूर आला की ते टाचा उचलायचे, भुवया उचलायचे, हात उचलायचे. सूर तेवढा उचलला जात नसे!

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. शुक्रवारी सरावात गिटारची पहिली तार टण्णकन तुटली. खाडीच्या हवेनं सगळ्याच तारा गंजल्या होत्या.

"अहो, उद्या माझी ड्युटी आहे. धोबीतलावला जाऊन तारांचा सेट आणाल का?" जयमालाबाई म्हणाल्या. "नऊचा सांगा. नऊ. विसरू नका."

"तार आणायची, आणि मी विसरेन?" टिपणीस हसले. त्या हसण्यातच पुढचं सगळं संकट होतं!

शनिवारी बस खाडीपूल ओलांडत असताना त्यांच्या डोक्यात विचार सुरू झाला. नऊ? नऊ नंबर म्हणजे जाड माल! गिटारवाल्यांचे आकडे वेगळे असतील, पण कायदा तर तोच. हिची बोटं किती नाजूक, आणि ही बिचारी जाड तारांवर दोन वर्षं बोटं झिजवतेय? तारेतलं तिला काय कळणार? तारेतलं कळतं ते मला!

दुकान शनिवारी अर्धा दिवस. ते पोचले तेव्हा म्हातारे गोवेकर दुकानदार शटर अर्धं ओढून बसले होते.

"नऊचा सेट सांगितलाय, पण त्याहून वरचा नंबर दाखवा," टिपणीस म्हणाले.

"वरचा? तेराचा आहे. कोण वाजवतो?"

"आमची मिसेस."

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला. "तेरा? मिसेस? पैलवान आहे काय?"

"कलाकार आहे!" टिपणीस छाती फुगवून म्हणाले.

"मग घेऊन जा, बाबा," म्हातारा म्हणाला आणि त्यानं आदरानं पाकीट पुढे केलं. पाकीट सीलबंद होतं, त्यामुळे चकती खिशातच राहिली.

घरी आल्यावर टिपणिसांनी ठरवलं, हिला सरप्राइज द्यायचं! जुन्या तारा त्यांनी पकडीनं कापल्या आणि गॅलरीतल्या तोंडलीच्या वेलाला आधार म्हणून बांधून टाकल्या. नव्या तारा हाताला जरा जाड लागल्या. 'जुन्या झिजल्या होत्या ना, म्हणून वाटतंय,' त्यांनी स्वतःला समजावलं. मग एकेक तार अशी पिळून ताणली की कारखान्यातल्या साहेबानंही शाबासकी दिली असती. गिटार कण्हली. तिची दांडी हळूहळू पुढे वाकली. तारा दांडीपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की मधून रिक्षा गेली असती!

चार वाजता जयमालाबाई आल्या. गिटार हातात घेतली. एक तार दाबली. ती दबली नाही. दुसऱ्यांदा दाबली.

"हा कुठला सेट?"

"तेरा!"

"मी नऊ सांगितला होता."

"म्हणून तर चार घरं पुढे गेलो! नंबर मोठा, तार बारीक!"

जयमालाबाई पलंगावर बसल्या. "अहो, गिटारच्या तारेला नंबर नसतो. नऊ म्हणजे एका इंचाच्या हजार भागांतले नऊ भाग. तेरा म्हणजे तेरा भाग. तुम्ही कारखान्यात थाऊ म्हणता ना, ते!"

टिपणिसांच्या पायाखालची फरशी सरकली. थाऊ! दिवसातून शंभर वेळा तोंडात असलेला शब्द! त्यांनी मायक्रोमीटर काढला, तार मोजली. तेरा थाऊ. तंतोतंत. माल उत्तम होता, हीच काय ती दुःखाची गोष्ट!

"मी आत्ता बदलून आणतो!"

"दुकान बंद झालं. उद्या रविवार. जुन्या तारा कुठायत?"

टिपणिसांनी नुसतं गॅलरीकडे बोट केलं. तोंडलीचा वेल वाऱ्यावर सुखानं डुलत होता.

रागवायला हवं होतं, पण जयमालाबाई रागावल्या नाहीत. नेमकं तेच टिपणिसांना सोसेना! त्यांनी पदर खोचला, स्क्रू ड्रायव्हरनं दांडीतला बोल्ट पिळून दांडी जमेल तेवढी सरळ केली आणि सरावाला खाली मास्तरांकडे गेल्या. मंडळाचा ढोलकीवाला पंढरीही आला होता. पहिलं गाणं संपलं तेव्हा बाईंच्या दोन बोटांतून रक्त येत होतं. सूर लांबवण्यासाठी तार बाजूला ओढायची तर ती जागची हलत नव्हती. तरी त्यांनी दुसरं गाणं सुरू केलं!

आणि त्याच वेळी देवस्थळी दारात उभे!

"वहिनींना झेपत नाहीये का?" देवस्थळींनी हळूच विचारलं. "घाटकोपरचा एक गिटारवाला तयार आहे. निरोप धाडू?"

टिपणीस उसळले. "झेपत नाही? अहो, तेराच्या तारा आहेत! तेराच्या! पुरुषसुद्धा हात लावत नाहीत! नऊ तर कुणीही वाजवतं!"

"तेरा?" देवस्थळी चकित झाले. "वहिनी तेरा तारा वाजवतात? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" आणि उत्तराची वाट न बघता ते गेलेच!

रविवारी सकाळी चांगुणाबाई मासळीची पाटी घेऊन दारात बसली. ती जवळच्या तळवली गावची, बारा महिने ह्याच जिन्यांवर. जयमालाबाईंनी पापलेट उचललं तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"काय गो बाय, बोटांना काय झाला?"

"तार कापली, चांगुणाबाई. फार ताठ आहे."

"आमचा घरवाला जालाची दोरी ओढतो. दोरी लय तानली का हात कापनारच. तू जरा सैल सोड ना!"

जयमालाबाईंच्या हातातलं पापलेट तसंच राहिलं. मग त्या आत धावल्या, गिटार घेतली आणि सहाही तारा एकसारख्या दोन-दोन सूर खाली उतरवल्या. दांडीनं सुस्कारा टाकला. तारा खाली आल्या, बोटाला वळू लागल्या. त्यांनी एक सूर छेडला. जाड तार सैलावून अशी बोलली, जणू देवळातली मोठी घंटा दुरून ऐकू यावी! टिपणीस दाढी अर्धी ठेवून धावत आले.

"हे काय केलंस?"

"काही नाही. तुमच्या तेरा थाऊला घरातली माणसं ओळखायला शिकवलं," त्या म्हणाल्या. आता सगळीच गाणी दोन सूर खालून होणार होती. "मास्तरांना सांगायला हवं."

पण त्याआधी बाहेरून भोंग्याचा आवाज आला. रिक्षावर भोंगा बांधून मंडळाचा कार्यकर्ता ओरडत होता, "या, या! आज संध्याकाळी! पहिल्यांदाच! सौभाग्यवती जयमाला टिपणीस वाजवणार तेरा तारांची गिटार! तेरा तारांची!"

टिपणीस तसेच साबणासकट मांडवाकडे पळाले. मांडवाच्या फळ्यावर मंडळाच्या चित्रकार कान्हानं रंगीत खडूनं गिटार काढली होती. तिला खरोखरच तेरा तारा होत्या, आणि त्यात एक तिरंगी!

"पुसा ते!" टिपणीस ओरडले.

"आता कसं पुसणार?" देवस्थळी म्हणाले. "रिक्षा कोपरखैरण्यापर्यंत जाऊन आली!"

संध्याकाळी सहा वाजता मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्टरची माणसं होतीच. शिवाय आसपासच्या गावांतून टेम्पो भरून मंडळी आली होती. पडदा सरकला. जयमालाबाई हिरव्या काठपदरात, बोटांना चिकटपट्ट्या, मांडीवर लाल गिटार. पहिल्या रांगेतून तळवलीचा दत्तू उभा राहिला. बोटं नाचवत त्यानं मोजलं होतं.

"ओ वहिनी! सहाच हायत! बाकीच्या सात कुठं हायत?"

हशा उसळला. मागून शिट्टी आली. देवस्थळी पडद्याआड घाम पुसू लागले. विंगेत टिपणिसांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, ही आता उठून जाणार. आणि गेली तरी तिचं चुकणार नाही.

जयमालाबाईंनी माइक जवळ ओढला. दिवसभर शेकडो चिडलेल्या गिऱ्हाइकांना शांत करणारा तोच आवाज!

"दादा, तारा सहाच आहेत," त्या म्हणाल्या. "पण सूर सात असतात ना? सहा आणि सात, किती झाले?"

दत्तूनं पुन्हा बोटं मोजली. "तेरा!" तो ओरडला आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागला. सगळा मांडव त्याच्यामागून!

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मंडळाचा तो खोक्याएवढा स्पीकर, पण सूर कसा भरीव! बारीक तारेचा चिणचिणाट नाही. एकेक सूर ठाम, गोल, बसल्या जागी छातीला लागणारा. पट्टीखालून रक्त झिरपत होतं ते फक्त टिपणिसांना दिसत होतं. बाई हसत होत्या, पंढरीला मानेनं ठेका देत होत्या, मास्तरांना डोळ्यांनी धीर देत होत्या. शेवटचं कडवं आलं. मास्तरांनी सवयीनं टाचा उचलल्या, आणि सूर अलगद हाताला लागला! दोन सूर खाली होता ना, आणि मास्तरांना ते सांगायचं राहूनच गेलं होतं! मास्तरांचा विश्वासच बसेना. त्यांनी टाचा टेकवल्या आणि ती ओळ पुन्हा गायली. मग पुन्हा. सहाव्यांदा पंढरीनं ढोलकीवर जोरात थाप मारून त्यांना थांबवलं!

लोक उभे राहिले. चांगुणाबाई शेजारणीला सांगत होती, "माजी बाय हाय ती!" देवस्थळींनी नारळ देऊन वाकून नमस्कार केला आणि माइकवर म्हणाले, "आता वहिनींच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत!"

टिपणीस पुढे आले. माइक धरला.

"मंडळी," ते म्हणाले, "मला आज काहीतरी कबूल करायचंय. तारांची चूक माझी. पूर्णपणे माझी. अठरा वर्षं तार तपासली, म्हणून मला वाटलं सगळंच कळतं. हिनं एका शब्दानं दोष दिला नाही. रक्ताळलेल्या बोटांनी वाजवलं. माझ्या चुकीचं तिनं गाणं केलं, मंडळी! अशा माणसाबरोबर राहायला मिळतं, हे माझं..."

असं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. आयुष्यातलं हे पहिलं चांगलं भाषण! त्यांनी डोळे पुसले आणि टाळ्यांची वाट बघत वर पाहिलं.

मांडव रिकामा होता. पलीकडे प्रसादाच्या शिऱ्याची रांग लागली होती, आणि भाषण सुरू होताच माइकवाल्यानं मशीन बंद करून त्या रांगेत नंबर लावला होता. समोर फक्त पंढरी ढोलकी पिशवीत भरत होता. शेजारी जयमालाबाई वायर गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे त्यांचेही ओले होते.

"छान बोललात हो," त्या हळूच म्हणाल्या. "आता तो स्पीकर उचला. रिक्षावाला खोळंबलाय."