गाईला विचारणारे मलकाप्पा

कुणी गाय वळूकडं भरवायला आणली, की मलकाप्पा आधी गाईला नमस्कार करायचे. मग गोठ्याच्या दारावर घोंगडं टांगून बाहेर जमलेल्या आम्हा रिकामटेकड्यांवर ओरडायचे, "चला, निघा! तुमच्या लग्नात आमी खिडकीत बसलो व्हतो का?"

आमचं गाव बेंबळीजवळचं, निजामाच्या अमलातलं. मलकाप्पा माझे शेजारी. पंचक्रोशीत देखणा देवणी जातीचा वळू त्यांच्याचकडं, नाव नंद्या. गाय आली की सोयरीक जुळवावी तशी चौकशी. "आई कुठली? बापाची शिंगं कशी व्हती?" शेवटचा शब्द मात्र गाईचा. ती उभी राहीना, लाथा झाडू लागली, की नंद्याला बाहेर काढायचे.

"बेडा म्हणती ती. बेडा म्हणजे बेडा!" घरात कानडी बोलणारे मलकाप्पा 'नको' हा शब्द मराठीत कधी म्हणतच नसत.

"लई लांबनं आलोय हो," मालक काकुळतीला यायचा.

"मग देवाचं दर्शन घ्या अन् माघारी जावा."

एकदा पाटलांनी गाय आणली. तिचा माज, म्हणजे वळू घ्यायची वेळ, उतरून गेला होता. पण पाटलांनी लेकीच्या सासरी गाभण गाय कबूल केलेली. त्यांना थांबायला सवड नव्हती. गड्यांनी गाईचे पाय दाव्यानं जखडले. मलकाप्पांनी विळा आणला आणि दावं कापलं.

"पाटील, ती न्हाय म्हणती."

"जनावराला काय इचारायचं? सोड वळू! न्हायतर अमीनसाहेबाच्या कानावर घालतो, सरकारच्या विरोधात बोलतोस म्हणून."

अमीन म्हणजे निजामाचा फौजदार; त्या दिवसांत माणूस कोठडीत जायला एवढं पुरत असे. आम्ही सगळे मागं सरकलो. मलकाप्पा गोठ्याच्या उंबऱ्यातच बसले.

"घाला कानावर. म्या हितनं उठत न्हाय."

पाटील पाय आपटत गेले. पुढं कित्येक दिवस मलकाप्पा पहाटे अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून अमीनाची वाट बघत बसायचे. अटक व्हायचं तर नीटनेटकं व्हावं! अमीन आला नाही. पुढच्या माजाला पाटीलच गाय घेऊन आले. ती शांत उभी राहिली. बाहेर घोंगड्याची दोरी तुटली, तर टोक धरून पाटीलच उभे, तोंड भिंतीकडं करून.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, "मलकाप्पा, एका गाईपायी तुरुंगात गेला असता की."

ते नंद्याची पाठ चोळत राहिले. मग म्हणाले, "आमची लेक शरणव्वा नळदुर्गाकडं दिली न्हवं? लग्नादिवशी खांबाला मिठी मारून बसली व्हती. तिचे हात म्याच सोडवले."

जावयानं दुसरी बायको केली होती आणि शरणव्वा त्याच घरात राबत होती, हे गावाला ठाऊक होतं. मलकाप्पा त्यावर कधी बोलले नव्हते.

सकाळी नंद्याचं दावं माझ्या हातात देऊन त्यांनी गाडी जुंपली.

परतले तेव्हा मी ओढ्यावर होतो. गाडी शरणव्वा हाकत होती. मलकाप्पा मागून धुळीत चालत येत होते.

"बसा की गाडीत," मी म्हणालो.

"यायला तयार झाली," ते हळूच म्हणाले, "पर माझ्यासंगं बोलत न्हाय अजून. बसू कसा?"

ओढ्याच्या काठावर शरणव्वानं बैल थांबवले. मागं वळून काही तिनं बघितलं नाही. फक्त शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.