पहिल्या दिवशीचं अज्ञान

दुसऱ्याचं दुःख दूर करायचं तर आधी ते जागेवर सापडावं लागतं. दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी एवढं महाग तिकीट काढून यावं आणि दुःख नेमकं बाहेर गेलेलं असावं, हे मादागास्करमधल्या कुठल्याही गावाला शोभणार नाही. आमचं गाव या बाबतीत दक्ष आहे.

आमच्या रानात अकरा जातींचे लेमूर आहेत आणि शाळेत बेचाळीस मुलं. स्वयंसेवक दोन्हींच्या सेवेसाठी येतात. (लेमूरला हात लावायला मनाई आहे. मुलांना कडेवर घ्यायला नाही.) दर पंधरवड्याला नवी तुकडी येते, मुलांना वीसपर्यंत आकडे आणि सोपी बेरीज शिकवते आणि रडत परत जाते. गेल्या सहा वर्षांत आमची मुलं शंभर टक्के वीसपर्यंत पोचली, तीही एकशे अठरा वेळा. (दरवर्षी वादळांच्या दिवसांत काही तुकड्या चुकतात.)

पाहुण्यापुढे शहाणपण दाखवणं आमच्याकडे फादी आहे. पूर्वजांना चालत नाही. म्हणून पहिल्या दिवशी एकाही मुलाला काही येत नाही. चौथ्या दिवशी थोडं येतं. दहाव्या दिवशी डोळे चमकतात. चौदाव्या दिवशी सगळं येतं आणि फोटो निघतात. एका पोरानं तिसऱ्याच दिवशी वीसपर्यंत म्हणून दाखवलं, तर शिकवणाऱ्या बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पोराच्या आजोबांनी गावाची माफी मागितली.

खरं शिकवणं बुतुवेलु गुरुजी करतात, पाहुणे लेमूर बघायला रानात गेले की. त्यांनी वुलासुआला अपूर्णांकांपर्यंत आणलं. पोर आईविना, मावशीकडे वाढलेली. शहरातल्या शाळेत आमच्या भागासाठी दरवर्षी एक मोफत जागा असते. ती मिळाली तर शाळा, नाहीतर जन्मभर लवंगा तोडणं.

यंदा तोंडी परीक्षा घ्यायला त्या शाळेच्या नव्या बाई आल्या. गोऱ्या, घामाघूम, नुकत्याच होडीतून उतरलेल्या. मावशी खिडकीशी उभी होती.

"सात आणि पाच किती?" बाईंनी विचारलं.

वुलासुआनं मान खाली घातली. "नऊ."

"बरं, तीन आणि चार?"

"ठाऊक नाही, बाई." आणि बाईंना धीर यावा म्हणून ती हसली.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याच होडीनं परत गेल्या.

"अगं खुळे," मावशी ओरडली, "अपूर्णांक येतात ना तुला! नऊ कसले?"

"बारा ठाऊक होते गं मावशी. पण बाईंचा पहिलाच दिवस. लगेच बारा म्हटलं असतं तर बिचाऱ्यांनी शिकवायचं काय?"

"आणि त्या चौदा दिवस थांबणार, असं कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच थांबतात."

जागा पलीकडच्या गावातल्या मुलीला मिळाली. (तिकडे लेमूर नाहीत, त्यामुळे स्वयंसेवकही जात नाहीत.) स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेनं अहवालात नोंदवलं, की सहा वर्षांच्या अथक सेवेनंतरही सदर गावातील हुशार मुलीस साधी बेरीज येत नाही, सबब सेवा आणखी दहा वर्षं वाढवण्यात यावी. ठराव एकमतानं मंजूर झाला.

वुलासुआ आता लवंगा तोडते. नवी तुकडी आली की मात्र तिला पहिल्या बाकावर बसवतात. इतकं नितळ अज्ञान दुसऱ्या कुणाला जमत नाही.

हे वाचताना तुम्हालाही त्या पोरीसाठी काहीतरी करावंसं वाटलं असेल. तेवढी पात्रता पुरते. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक जागा रिकामी आहे. निर्धास्त या. तुम्ही उतराल त्या सकाळी तिला काहीही येत नसेल, याची हमी गाव देतं.