ताजा म्हातारा

मासळीबाजारात दुपारी उरलेल्या बांगड्यांकडे गिऱ्हाईक जसं पाहतं, तसं मितेशने हरेश्वर मास्तरांच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"काका, अजून हीच सिस्टिम? कमाल करता यार! हिचा सपोर्ट कधीच बंद झाला."

"मला कुठे आधार हवाय? मी टाईप करतो, ती अक्षरं दाखवते. आमचं नीट चाललंय."

"व्हायरस आला म्हणजे?"

"इंटरनेट जोडलेलंच नाही. येईल कुठून, जिन्याने?"

मितेश हा मास्तरांचा पुतण्या. अंधेरी स्टेशनजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि जुनं काही दिसलं की त्याला अंगावर पुरळ उठल्यासारखं व्हायचं. मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. वर्सोव्याच्या घरात ते दर शनिवारी कोळीवाड्यातल्या मुलांना गोळा करून शिकवत. त्या मुलांना 'नेटवर्क' माहीत होतं, 'डोल' हे कसलं जाळं ते माहीत नव्हतं. म्हणून मास्तरांनी दोन वर्षं खपून एक छोटा शब्दकोश तयार केला होता. होडीचे, जाळ्याचे, मासळीचे शब्द. सगळे सांगितले होते मालनमावशीने. ती ऐंशीची, साठ वर्षं मासळी विकणारी, स्वतः निरक्षर. रविवारी मुलं तिच्यासमोर ते पुस्तक वाचून दाखवणार होती. त्यासाठी फाईल आज शुक्रवारी सहाच्या आत छापखान्यात पोचायला हवी होती.

"फक्त अर्धा तास, काका. नवी टाकतो. फाईलची कॉपी पेन ड्राईव्हवर घेतलीय, टेन्शन नको."

पोरगा उत्साहाने काही करायला निघाला की त्याला नाही म्हणणं मास्तरांना उभ्या नोकरीत जमलं नव्हतं. तेच नडलं.

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. त्यातला एक तास पडद्यावर त्रेसष्ट टक्के एवढंच दिसत होतं. मग नवी सिस्टिम उगवली आणि तिने मास्तरांनाच त्यांच्या घरात नाव, जन्मतारीख आणि ईमेल विचारला. डाव्या कोपऱ्यातलं बटण सरकून मधे आलं होतं. चौकटींचे कोपरे गोल झाले होते. खाली एक चित्र सांगत होतं की वर्सोव्यात ऊन आहे.

"खिडकीतून दिसतंय ते," मास्तर म्हणाले. "आणखी काय सुधारलं?"

"फील बघा ना, काका! झकास!"

मास्तरांनी फाईल उघडली. चाळीस पानांवर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पाऊंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं पसरली होती.

"हे काय रे?"

"फॉन्ट जुना ना. नवी सिस्टिम त्याला घेत नाही."

"मग जुनी परत टाक."

"तसं मागे जाता येत नाही, काका. टेक्नॉलॉजी आहे ती."

मितेशने फोनवरून इंटरनेट जोडलं, कुठलासा कन्व्हर्टर शोधला आणि पानं पुन्हा मराठीत आणली. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आता जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती.

"बापरे, काका! तुम्ही मास्तर ना? किती चुका!"

"चुका नाहीत त्या, ते कोळी..."

तोवर मितेशने 'सगळं दुरुस्त करा' दाबलं होतं. फाईल सेव्ह करून तो उठला. कांदिवलीला एका गिऱ्हाईकाची सिस्टिम बदलायची होती. तो गेला आणि ठरल्याप्रमाणे मालनमावशी शेवटचं ऐकून घ्यायला आली.

"वाच रं मास्तर."

मास्तरांनी चष्मा लावला. "'तांदूळ : होडी चालवणारा प्रमुख.'"

"कोन?"

"तांडेल असणार ते. थांब हं. 'मोबाईल : कोवळे मोबाईल वलांडीवर टांगून सुकवतात.'"

"माजे बोंबील कुटं गेले?"

मास्तरांचा आवाज बारीक झाला. "'ताजा म्हातारा कसा ओळखावा? डोळे चमकदार, अंग ताठ, कल्ले लाल.'"

मालनमावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, साठ वरसं मी म्हावरा विकते. म्हातारा नाय विकला कवा! रविवारी पोरांसमोर असा वाचनार? वेसाव्यात तोंड दाखवू कसा मी?"

मास्तरांनी मितेशला फोन लावला. "जुनी सिस्टिम असलेलं एक मशीन सांग. पेन ड्राईव्हवरची मूळ कॉपी आहे माझ्याकडे."

"अख्ख्या मुंबईत नसेल, काका! म्युझियममध्ये बघा. नाहीतर माझ्या दुकानात जा, फॉन्टची जुनी सीडी पडली असेल कुठे तरी."

साडेचार वाजले होते. मास्तरांनी रिक्षा थांबवली, तर त्यांच्या आधी मालनमावशी आत बसली.

दुकानावर मोठी पाटी होती, 'जुनी सिस्टिम म्हणजे धोका! आजच बदला!' आत श्वेता नावाची मुलगी काम पाहत होती. ती सीडी शोधायला पडद्यामागे गेली, तिच्यामागे मास्तर डोकावले आणि तिथेच थबकले. टेबलावरच्या मशीनवर, डाव्या कोपऱ्यात, ते ओळखीचं बटण होतं.

"हे कुणाचं?"

"मितेश सरांचं. लग्नपत्रिका करतात ना ते यावर. कुणाला हात लावू देत नाहीत."

"नवी सिस्टिम नाही टाकली?"

"टाकली होती! सगळे मराठी फॉन्ट उडाले. एका पत्रिकेवर वधूचा 'वधू' गेला आणि 'वध' आला. सरांनी त्याच दिवशी जुनी परत टाकली."

"परत टाकता येते?"

"हो, तासाभराचं काम."

मास्तर शांतपणे खुर्चीत बसले आणि त्यांनी पेन ड्राईव्ह लावला. चहाला आधण येईल इतक्या वेळात फाईल उघडली. तांडेल होडीवर होता, बोंबील वलांडीवर होते आणि म्हावरा ताजा होता. मास्तरांनी शेवटच्या पानावर आणखी एक शब्द टाईप केला. पावणेसहाला फाईल छापखान्यात पोचली.

रविवारी मुलांनी पुस्तक वाचलं. मालनमावशी प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती. शेवटचं पान मास्तरांनी मितेशच्या हातात दिलं.

"उभा राहून वाच. मागच्या पोराला ऐकू आलं पाहिजे."

मितेशने घसा साफ केला. "'अपग्रेड...'" तो अडखळला.

"पुढे."

"'अपग्रेड : दुसऱ्याच्या मशीनवर करतात ते.'"

मुलं खिदळली. मालनमावशीने जरा विचार केला.

"यो शबूद आमचा नाय," ती म्हणाली. "पन ऱ्हाऊ दे. अर्थ बरोबर हाय."