एक खाजेची, एक धडधडीची

पोरीच्या पाठवणीला रामसिंगच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यांतून टिपूस निघणार नाही, हे मी लग्नाआधी सगळ्या तांड्यात सांगत फिरत होतो. रडायला तयारी लागते, आणि आम्हा बंजाऱ्यांत ती तयारी फक्त नवरीकडून करून घेतात. सासरी निघताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायचा, म्हणजे माहेराचा निरोप रडतरडत गाण्यात घ्यायचा, ही आमची रीत. आमची निता कॉलेज शिकलेली, तरी तिच्या आईनं, रुक्माबाईनं, तिला रोज संध्याकाळी बायकांत बसवून ढावलो पाठ करून घेतला. मी भिंतीपलीकडे हळदीची पोती शिवत बसायचो. ऐकत नव्हतो, कानावर पडायचं.

रुक्माबाईचा यात जीव अडकलेला होता. तिच्या स्वतःच्या लग्नात ऐन वेळी तिचा घसा बसला, आणि 'ही तर माहेराहून हसत आली' हे बोलणं तिनं आयुष्यभर ऐकलं. पोरीला ते ऐकावं लागू नये, एवढंच तिचं मागणं.

आता गोळ्यांचं सांगतो. हळद पॉलिश करताना जी धूळ उडते, तिनं माझ्या अंगाला खाज सुटते. पुसेगावच्या डॉक्टरांनी पिवळ्या पाकिटातली गोळी दिली आणि बजावलं, रात्री झोपतानाच घ्या, घेतल्यावर गाडीला हात लावू नका. रुक्माबाईला निताचं लग्न ठरल्यापासून छातीत धडधड व्हायची. ती वसमतला भावाकडे गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला निळ्या पाकिटातली गोळी दिली. माझी खाज वेगळी, तिची धडधड वेगळी. आम्ही एकमेकांच्या पाकिटाकडे कधी बघितलंही नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी निताच्या मानेवर पुरळ उठलं.

"बापू, लई खाज सुटली. फोटोत मी खाजवतच दिसीन."

मी पिवळी गोळी दिली. "आईला सांगू नको, उगा बोंबलंल."

थोड्या वेळानं ती आईजवळ गेली. "आई, काहून की छातीत धडधड होऊन राहिली. भ्या वाटतंय."

आईनं निळी गोळी दिली. "बापूला सांगू नको, डॉक्टरकी शिकवत बसतील."

पोरगी आज्ञाधारक. तिनं दोघांचंही ऐकलं.

लग्न लागलं तेव्हा ती नवरदेवाच्या मागे अशी संथ फिरत होती की सुदामची, म्हणजे जावयाची, मावशी म्हणाली, "किती शांत पोरगी हाये." माझी छाती फुगली. जेवताना मात्र निता हातात घास घेऊन झोपली. सुदाम बिचारा तिला मान टेकायला खांदा देऊन तसाच उपाशी बसला.

माझी पुतणी पुजा हिंगोलीत नर्सिंग शिकते. तिनं आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

"काका, हिला काही दिलं का?"

"खाजेची एक गोळी."

"अन् म्या धडधडीची एक," रुक्माबाई हळूच म्हणाली.

पुजानं दोन्ही पाकिटं शेजारीशेजारी धरली. "वरची नावं येगळी, आतलं औषध एकच हाये. खाजेला बी हेच देतात, घाबरल्यावर बी हेच. अन् दोन्हीला झोप येते. तुमी दोघांनी मिळून डबल डोस दिला."

आम्हा नवरा-बायकोचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, तेही न सांगता. पुसेगावच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी मला झापलं. मग श्वास नीट आहे का, हाक मारल्यावर उठते का, ते विचारलं. निता "हूं" म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आता दुसरं काही देऊ नका, जवळ जागं माणूस ठेवा, हाकेला उठली नाही तर लगेच दवाखान्यात आणा. पुजा पाठराखीण म्हणून गाडीत बसायला तयार झाली.

राहिला ढावलो. बायका गोल करून उभ्या राहिल्या. निता आईच्या गळ्यात पडली आणि तिथंच घोरू लागली. गोळीनं तिची खाज थांबवली, भीती थांबवली, आणि त्यांच्याबरोबर रडूही थांबवलं. रुक्माबाई तिच्या कानात पहिली ओळ सांगत होती, पुन्हापुन्हा. मागून कोणी तरी बोललं, "हिला काई वाटत न्हाई वाटतं." रुक्माबाईचा चेहरा मला बघवेना.

मी पोरीचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि तोंड उघडलं. सगळं पाठ होतं. ज्या विहिरीचं पाणी प्यायले तिला सोडून चालले, ज्या लिंबाखाली खेळले त्याला सोडून चालले. आधी बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. मिशांचा माणूस नवरीचं रडणं गातोय, हसू येणारच. मग पुढची ओळ आली. बापू, मला परक्या तांड्यात का धाडता?

बापू तर मीच. मी असा रडलो की पुजानं घाईनं माझ्या खिशातलं गोळ्यांचं पिवळं पाकीट काढून घेतलं. तोवर हसणाऱ्या बायकाही रडत होत्या, आणि रुक्माबाई तर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी निताचा फोन आला. गोळीची झोप उतरली होती, आवाज घाबरलेला होता.

"बापू, मला काहीच आठवत न्हाई. म्या ढावलो म्हणला का?"

रुक्माबाईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"म्हणलीस की, बाई. जरा बेसूर म्हणलीस," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पन लई मनापासून."