ओव्हाळ अनवधानाने जिंकले

संगणक कार्यालयात आला त्या दिवसापासून कचरू ओव्हाळांना जेवण जाईना. निवृत्तीला सोळा महिने उरलेले. अशात, "ज्याच्या हातून हे मशीन बिघडेल तो थेट गडचिरोलीला," असं कार्यालयप्रमुख विजयमाला मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सांगताना त्या स्वतः खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आणि मशीनवर बसायला हेडक्लार्क म्हणून नाव निघालं ओव्हाळांचंच.

बुधवार पेठेतल्या दुकानातून मशीन बसवायला आलेल्या राकेशने त्यांना माउसपासून हात लांब धरून बसलेलं पाहिलं आणि पडद्यावर पत्ते मांडून दिले. "काका, माउसवर हात बसेपर्यंत हे खेळा. सॉलिटेअर म्हणतात. एकट्याने खेळायचं."

ओव्हाळांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. पण शिकायला सांगितलंय म्हणजे ते कामच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. डबा खाऊन झाला की ते दार लोटून बसत आणि चुकलेलं वहीत टिपत. 'काळ्यावर तांबडा, तांबड्यावर काळा. रिकाम्या जागी राजाशिवाय कोणाचीही नियुक्ती करू नये.' पहिले आठ दिवस दिसेल तो पत्ता ते घाईने वर चढवत आणि खाली अडकत. मग ध्यानात आलं, ज्या ढिगात पालथे पत्ते जास्त, तो आधी उघडायचा. दुर्री-तिर्री वर चढवायची घाई करायची नाही.

एकविसाव्या दिवशी एकेक पत्ता सरळ होत गेला. एक्क्यापासून राजापर्यंत चारही ढीग भरत आले. ओव्हाळांनी श्वास रोखून चौकटचा राजा शेवटच्या ढिगावर ठेवला.

आणि पत्ते सांडले! एकामागून एक राजे उड्या मारत खाली आले, आपटले, उसळले, मागे स्वतःच्याच शेकडो प्रती ठेवत पडदाभर पसरले. ओव्हाळ खुर्चीसकट मागे सरकले. त्यांनी पडद्यावर तळहात धरला. पत्ते हाताखालूनही धावतच राहिले. शेवटी त्यांनी मशीनवर कव्हर घातलं आणि घरी फोन लावला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी मुलगी आम्रपाली नेमकी बाहेर गेली होती. फोन बायकोने, शालनताईंनी उचलला.

"अगं, मशीनमधून पत्ते उतू चाललेत!"

"दूध उतू जातं. पत्ते कसे जातील? आणि तुम्ही हापिसात पत्ते खेळताय?"

त्यांनी फोन ठेवला, तर दारात टायपिस्ट ललिता. तिने कव्हराचं टोक उचलून आत पाहिलं आणि सोडून दिलं. "भाऊ, हा व्हायरस. पेपरात आलं होतं. लागण होते म्हणे." पाच मिनिटांत बातमी कार्यालयभर झाली. शेजारच्या खोलीतल्यांनी फायली उचलून व्हरांड्यात नेल्या. कोणीतरी ओव्हाळांना हात धुऊन यायला सांगितलं. ते दोनदा धुऊन आले.

लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि तो मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. मॅडमनी मोठ्याने वाचलं.

"'आज दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी शासकीय संगणकावर पत्ते खेळत असता मी अनवधानाने जिंकलो. त्यामुळे संगणक बिघडला. क्षमा असावी.' ओव्हाळ, हे काय आहे?"

"कबुली, मॅडम." त्यांच्या डोळ्यांसमोर गडचिरोलीची एसटी उभी राहिली.

राकेशला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत खोलीत कोणी शिरलं नाही. आल्यावर त्याने कव्हर काढलं, पडद्याकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. "काका, बिघडलं कुठे? जिंकलं की असंच होतं. तो आनंद करतोय! आमच्या दुकानात आजवर एकदाच कोणाला तरी जमलंय."

मॅडम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "म्हणजे या कार्यालयात ज्याला हे मशीन चालवता येतं असा माणूस तुम्ही एकटेच. उद्यापासून सगळ्यांना शिकवायचं. आधी मला. आणि दार लावून."

मॅडम शिकल्या. तापल्या तव्याला हात लावावा तसा माउस धरायच्या, पण शिकल्या. दीड महिन्याने एका दुपारी त्यांचे चारही ढीग भरत आले. किलवरचा राजा तेवढा उरला होता.

मॅडमचा हात थांबला.

"ठेवा ना, मॅडम," ओव्हाळ कुजबुजले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना भीती वाटत नव्हती.

"नको." मॅडमनी माउस हळूच बाजूला सारला. "माझं प्रमोशन यायचंय, ओव्हाळ. आत्ता कशाला उगाच जिंकायचं? बंद करा ते."


ओव्हाळांनी त्या एका पत्त्याकडे डोळे भरून पाहिलं आणि मशीन बंद केलं.